शार्त्रचं कॅथेड्रल बघायला जाताय? या चुका टाळा

पॅरिसला गेलेले बरेच जण जवळच्या शार्त्र गावातलं हे जुनं मोठं चर्च 'दोन तासांत उरकू' म्हणून निघतात. पहिली चूक तीच. पॅरिसच्या मोंपार्नास स्टेशनवरून रेल्वेने साधारण तास-सव्वा तास लागतो आणि उतरल्यावर कॅथेड्रल चालत जाण्याइतकं जवळ आहे, त्यामुळे हिशेब सोपा वाटतो. पण इथं मुख्य बघायच्या त्या रंगीत काचा, आणि त्या उन्हाच्या कलाने दिसतात. सकाळी पूर्वेकडच्या, भर दुपारी दक्षिणेकडच्या, तर पश्चिमेच्या दारावरची गोल खिडकी खरी उजळते ती दुपार कलल्यावर. तिच्याखालच्या तीन उभ्या खिडक्या सुमारे ११५० च्या. ११९४ च्या आगीत चर्चचा बराच भाग जळाला, त्यातून या वाचल्या. एकच्या गाडीने परतलात तर त्यांचं ते निळं तुम्ही पाहिलंच नाही असं समजा. निदान अख्खा दिवस ठेवा.

आभाळ भरून आलं म्हणून बेत रद्द करू नका. ढगाळ उजेडात रंग एकसारखे दिसतात, डोळे दिपत नाहीत. मात्र उन्हातून आत शिरल्यावर लगेच फोन काढू नका. दहा मिनिटं नुसते बसा, डोळे अंधाराला सरावू द्या.

दुर्बीण न नेणं ही मला सगळ्यात महागात पडणारी चूक वाटते. वरची चित्रं नुसत्या डोळ्यांनी लागतच नाहीत. दुसरं म्हणजे आपण सवयीने वरून खाली बघतो, इथल्या बहुतेक खिडक्या मात्र खालून वर वाचायच्या. दक्षिण बाजूची दयाळू शोमरोन्याची खिडकी घ्या. अगदी तळाला चांभार काम करताना दिसतात, कारण ती खिडकी त्यांनी दिलेली. मग येशूने सांगितलेली, जखमी वाटसरूला मदत करणाऱ्या त्या शोमरोन्याची गोष्ट, आणि वर आदाम-हव्वा. ही एक खिडकी नीट वाचली की बाकीच्या आपोआप उलगडू लागतात. सगळ्या बघायच्या हट्टाने एकही धड बघून होत नाही.

फरशीवरचं चक्रव्यूह बघायला येणाऱ्यांची निराशा ठरलेली, कारण एरवी त्यावर खुर्च्या मांडलेल्या असतात. सुमारे २६० मीटरची ती वाट चालायची असेल तर शुक्रवार गाठा, तोही साधारण लेंटपासून (ईस्टरआधीचा उपवासाचा काळ) ऑक्टोबरअखेरपर्यंतचा. निघण्याआधी संकेतस्थळावर खात्री करून घ्या.

रविवारी सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना असते, तेव्हा आत फिरत राहणं बरं नाही. हे आजही चालतं देऊळ आहे. तो वेळ बाहेर घालवा. उत्तर आणि दक्षिण दारांवरची शिल्पं घाईत हमखास राहून जातात.

आत जायला पैसे पडत नाहीत. मनोऱ्याला तिकीट लागतं आणि तळघर गाइडबरोबरच बघता येतं, तेव्हा दोन्हींच्या वेळा पोचल्या पोचल्या विचारून ठेवा.