डोमिसाइल दिवाळीतच काढून ठेवा

निकाल लागला की डोमिसाइलसाठी, म्हणजे अधिवासाच्या दाखल्यासाठी, सेतू केंद्रासमोर रांग लागते आणि सर्व्हरही नेमका तेव्हाच मान टाकतो. म्हणून विक्रोळीच्या कन्नमवार नगरातल्या बारावीच्या मुलांच्या आयांना मी दिवाळीच्या सुट्टीतच गाठते. माझी सगळी नोकरी ज्युनियर कॉलेजच्या ऑफिसात दाखले लिहिण्यात गेली, आता निवृत्तीनंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे फॉर्म बघते. बहुतेक घरांत पहिला प्रश्न हाच येतो, "काकू, आपण इथलेच, मराठी. आपल्याला कशाला डोमिसाइल?"

लागतं. सरकार तुमची मातृभाषा विचारत नाही, महाराष्ट्रात पंधरा वर्षं राहिल्याचा पुरावा मागतं. टागोर नगरात रिक्षा चालवणाऱ्या जौनपूरच्या माणसाची मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली, तर ती कागदावर पक्की महाराष्ट्राची. वडिलांच्या बदलीमुळे सुरतेला दहावी-बारावी केलेला सावंतवाडीचा मुलगा मात्र फॉर्म भरताना अडकतो.

आता पैशांचं. बाहेरच्या राज्यातल्या मुलांना इंजिनीअरिंगला जास्त फी पडते, असं सर्रास बोललं जातं. पण कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तर खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती दोघांना सारखीच असते. फरक पडतो सरकार परत काय देतं त्यात. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. 2024-25 पासून मुलींना याच उत्पन्नमर्यादेत पूर्ण शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. हे मिळायला डोमिसाइल हवं आणि प्रवेश कॅपमधूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून सीट घेतलीत तर माझ्याकडे येऊ नका, काही करता येत नाही.

खरी मेहनत कागद जमवण्यात आहे. मुलाचं वय सतरा, म्हणजे जन्मापासूनचा हिशोब जुळवायचा. पालिकेचा जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला हे दोन कागद हातात असले की अर्धं काम झालं. दाखल्यावर जन्मस्थळ नीट लिहिलंय का आणि राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'भारतीय' आहे का, तेवढं पाहा. रकाना कोरा असेल तर आधी शाळेतून दुरुस्ती करून आणा. मधल्या वर्षांसाठी शाळेकडून इयत्तावार बोनाफाईड घ्या. आमच्याकडे पुनर्विकासामुळे निम्मी बिल्डिंग चार-पाच वर्षं भाड्याच्या घरात आहे. पत्ता बदलला म्हणून लोक घाबरतात, पण शाळेची नोंद सलग असेल तर घाबरायचं कारण नाही. रजिस्टर्ड भाडेकरार आणि जुन्या घरचं लाइट बिल दोन्ही जोडा. पागडीच्या घरात असाल तर भाडेपावत्या काढा. बिल आजोबांच्या नावावर असेल तर रेशन कार्डावर आजोबा, वडील, मुलगा एकत्र दिसले पाहिजेत.

नावाचा घोळ सगळ्यांत वाईट. आपल्याकडे आधारवर मुलाचं, वडिलांचं आणि आडनाव असतं. उत्तरेकडच्या मुलांच्या आधारवर बऱ्याचदा नुसतं 'राहुल कुमार', दाखल्यावर मात्र वडिलांच्या नावासकट. दोन्हीकडे एकच नाव करून घ्या आणि मगच अर्ज भरा.

अर्ज 'आपले सरकार' पोर्टलवर, महसूल विभागाखाली, 'वय, राष्ट्रीयत्व व अधिवास' या नावाने. जिल्हा निवडताना घाई नको. माहीम-सायनपर्यंतचे मुंबई शहरात, पुढचे उपनगरात. उपनगरात अंधेरी, बोरिवली, कुर्ला असे तीन तालुके आहेत, विक्रोळी कुर्ल्यात येते. पोचपावतीचा नंबर लिहून ठेवा. त्याच बैठकीत तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्याचाही अर्ज करून टाका, आणि मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे ना ते बघा. शिष्यवृत्तीचे पैसे त्याच खात्यात येतात.

एमबीबीएसवाल्यांना मात्र वेगळं सांगावं लागतं. कोटाला क्लास लावून तिथल्याच शाळेत अकरावी-बारावीचं नाव घालणारी मुलं मुंबईत कमी नाहीत. महाराष्ट्राच्या 85 टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागते, नुसत्या डोमिसाइलवर भागत नाही. इंजिनीअरिंगला आईवडिलांच्या डोमिसाइलवर मार्ग निघतो, म्हणून त्या सावंतवाडीकरांनी वडिलांचं डोमिसाइल काढावं. क्लासची जाहिरात हे सांगत नाही.

मग पंधरा वर्षं न झालेल्यांनाही सवलत द्यावी का? कालच उतरलेल्याला नको, कारण पैसा राज्याच्या तिजोरीतला आहे. पण दहा वर्षं इथे भाडं भरलेल्या माणसाच्या पोराला बाहेरचा म्हणणं मला पटत नाही. पाच वर्षं पुरेशी आहेत, या मताला घरातच विरोध होतो. कोर्टातही हा वाद जुनाच. इंदूरच्या मेडिकल कॉलेजने बाहेरच्यांकडून जादा शुल्क घेतलं ते सर्वोच्च न्यायालयाने 1955 मध्ये चालवून घेतलं. जानेवारी 2025 मध्ये त्याच न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय जागांवरचं रहिवासी आरक्षण घटनाबाह्य ठरवलं.

नियम बदलेपर्यंत अशा मुलांनी सीईटीबरोबर जेईई मेनही द्यावी. इंजिनीअरिंगच्या अखिल भारतीय जागांवर आधी तेच गुण बघतात. त्या फॉर्मची मुदत लवकर संपते, म्हणून तोही दिवाळीच्या आसपासच पाहून ठेवा.