फवारणीआधी सोंड बघा: कपाशी-तुरीतल्या शिकारी ढेकणाची शरीररचना आणि ओळख

कपाशीची बोंडे फुटायला लागली की त्याच सुमारास झाडांवर तांबडे-काळे ढेकूण दिसू लागतात. ते सगळे एका जातीचे नसतात. घोळक्याने बोंडाला चिकटलेले बहुतेक लाल ढेकूण असतात, सरकीतला रस शोषणारे. त्याच रंगाचा, त्याच झाडावर, पण बहुधा एकटा फिरणारा दुसरा ढेकूण अळ्या मारून खातो. तो रेडुव्हिड कुळातला शिकारी ढेकूण. पंप पाठीवर घेण्याआधी हा फरक कळला नाही, तर औषधाला पैसे मोजून आपलाच राखणदार मारला जातो. ओळखताना रंगावर जाऊ नका. शरीराचे भाग बघा, त्यातही सोंड आधी.

बघण्यासाठी ढेकूण बोटांनी धरायचा नाही. शिकारी ढेकणाचा दंश गांधीलमाशीइतका झोंबतो. रुंद तोंडाची पारदर्शक बरणी पानाखाली धरा आणि वरून झाकणाने ढेकूण आत ढकला. चाहूल लागली की तो पानामागे पळतो किंवा सरळ खाली पडतो, म्हणून बरणी खालीच हवी. एका बरणीत एकच ढेकूण ठेवा. दोन ठेवले तर संध्याकाळपर्यंत एकाने दुसऱ्याला शोषलेले असते. मग बरणी उलटी करून दहापट भिंगातून पोटाची बाजू बघा. पाठीकडून बघणारा हमखास फसतो.

सोंड, मान आणि छातीची खाच

शिकारी ढेकणाची सोंड आखूड, जाड आणि डोक्याखाली कमानीसारखी वाकलेली असते. तिचे तीन भाग दिसतात. बाजूने पाहिले तर डोके आणि सोंड यांच्यामध्ये मोकळी जागा स्पष्ट दिसते. सोंडेचे टोक पुढच्या दोन पायांच्या मधोमध छातीवर असलेल्या उभ्या खाचेत टेकते. या खाचेत बारीक आडव्या रेघा असतात. ढेकूण डिवचला की तो सोंडेचे टोक त्यांवर घासतो आणि बरणी कानाजवळ धरल्यास बारीक किरकिर ऐकू येते.

लाल ढेकणाची सोंड याच्या उलट. ती बारीक, सरळ, चार भागांची आणि पोटाला चिकटून मागच्या पायांच्या दिशेने गेलेली असते. छातीवर खाच नसते.

सोंड दिसते ते फक्त म्यान आहे. आत चार सुयांसारखे भाग असतात. बाहेरच्या दोघांच्या टोकांना दाते असतात, ते अळीच्या कातडीत रुतून पकड घेतात. आतले दोन एकमेकांत बसून दोन नळ्या तयार करतात. एकीतून लाळ आत जाते, दुसरीतून अन्न वर येते. लाळेने अळी आधी लुळी पडते, मग तिच्या आतला भाग विरघळतो आणि तो ओढून घेतला जातो. म्हणून शेतात मागे राहते ते अळीचे सुकलेले, चपटे, रिकामे कातडे. विषाणूने (एनपीव्ही) मेलेली अळी वेगळी दिसते. ती फांदीच्या टोकाला उलटी लटकते आणि हात लावताच फुटून पातळ द्रव गळतो. सर्वेक्षणात या दोन खुणा वेगवेगळ्या लिहा, कारण त्यांवरून पुढचा निर्णय बदलतो.

सोंडेनंतर डोके. शिकारी ढेकणाचे डोके लांबट असते आणि डोळ्यांच्या मागे ते इतके अरुंद होते की मान असल्यासारखी वाटते. मोठ्या डोळ्यांच्या मागे दोन चमकदार ठिपके दिसतात, ते साधे डोळे. लाल ढेकणाला हे साधे डोळे नसतातच. सोंड नीट दिसली नाही तर ही खूण पुरेशी आहे. मिशा दोघांच्याही चार भागांच्या, त्यामुळे त्या मोजण्यात वेळ घालवू नका.

पाठीकडून दिसणाऱ्या छातीवरच्या ढालीला मधे आडवी खाच असते आणि तिचे पुढचा व मागचा असे दोन भाग पडतात. पुढच्या पंखाचा मुळाकडचा भाग चामड्यासारखा आणि टोकाचा पातळ पडद्यासारखा असतो. मिटलेल्या पंखांच्या दोन्ही बाजूंनी पोटाची कड बाहेर आलेली दिसते. कपाशी, तूर, भुईमुगात वारंवार सापडणाऱ्या रायनोकोरिस मार्जिनॅटस या जातीत घोटाळा होतो तो याच कडेमुळे. काही ढेकणांत ती पूर्ण लाल, काहींत पूर्ण काळी, तर काहींत लाल-काळ्या पट्ट्यांची असते. जात एकच, लांबी साधारण १५ ते २० मिमी. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने १७९४ मध्ये वर्णन केलेली ही जात आजही केवळ कडेचा रंग वेगळा दिसला म्हणून ‘नवीन कीड’ ठरवली जाते. तिची भावकी रायनोकोरिस फुसिपेस आकाराने लहान आणि लाल-काळी असते. याच कुळातला सायकॅनस ओळखायला सगळ्यात सोपा: डोके फारच लांब आणि पंखांच्या मुळाशी असलेल्या त्रिकोणावर उभा काटा.

पायांबद्दल एकच सांगण्यासारखे. अकँथास्पिस, एक्टोमोकोरिस असे जमिनीवर, दगडांखाली राहणारे शिकारी ढेकूण पुढच्या व मधल्या नडगीच्या टोकाला बारीक केसांची मऊ गादी बाळगतात. गुळगुळीत अंगाचा भुंगेरा तिच्यामुळे सुटत नाही. रायनोकोरिसला अशी गादी नसते.

जिथे ही खूण फसते

लाल ढेकणाच्याच कुळात एक शिकारी आहे, अँटिलोकस कोकेबर्टी. तो लाल ढेकणांनाच खातो आणि त्याची सोंडही त्यांच्यासारखीच, सरळ आणि चार भागांची. त्याला ओळखायचे ते आकारावरून आणि पांढऱ्या खुणा नसण्यावरून. लाल ढेकणाच्या मानेशी पांढरी कॉलर, पोटाखाली आडवे पांढरे पट्टे आणि पंखाच्या चामडी भागावर एकेक काळा ठिपका असतो. अँटिलोकस त्याहून दांडगा असतो आणि त्याच्यावर ही कॉलर व ठिपका नसतो. लाल ढेकणांच्या घोळक्यात असा एखादा मोठा दिसला तर त्याला सोडा.

खांद्याला काटे असलेला, ढालीच्या आकाराचा इओकँथेकोना फर्सेलाटा हाही अळ्या खाणारा मित्रकीटक आहे. हिरव्या रसशोषक ढेकणाची सोंड बारीक असते, याची जाड असते आणि खाताना ती सरळ पुढे येते.

घरातला मामला निराळा. उंदीर असलेल्या जुन्या घरांत, गोदामांत ट्रायटोमा रुब्रोफॅसिआटा हा याच कुळातला रक्तपिपासू ढेकूण सापडतो. त्याची सोंड बारीक आणि सरळ असते, कमान नसते. तो मित्रकीटक नाही.

पिल्ले आणि अंडी

सर्वाधिक चुका पिल्लांच्या बाबतीत होतात, कारण पिल्लांना पंख नसतात आणि दोन्हीकडची पिल्ले लाल असतात. लाल ढेकणाच्या पिल्लाच्या पाठीवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असते. शिकारी पिल्लाची सोंड पहिल्या अवस्थेपासूनच वाकडी असते, मान असते, चाल सावध असते. पिल्लाच्या पाच अवस्था होतात. पंखांचे कोंब तिसऱ्या अवस्थेनंतर दिसू लागतात. जमिनीवर राहणाऱ्या काही जातींची पिल्ले अंगावर माती आणि खाल्लेल्या मुंग्यांची कलेवरे चिकटवून फिरतात. कचऱ्याचा खडा चालताना दिसला तर तो फुंकर मारून बघा.

लाल ढेकूण अंडी मातीत, भेगांत सुटी घालतो. रायनोकोरिसची अंडी पानावर, फांदीवर किंवा दगडावर उभी चिकटवलेली, तपकिरी आणि माथ्यावर पांढुरकी टोपी असलेली. पिल्लू बाहेर पडते तेव्हा टोपी उघडते. टोपी जागेवर आणि बारीक गोल भोक पडलेले दिसले, तर त्या अंड्यांवर परजीवी गांधीलमाशीने हात मारलेला असतो.

अंड्यापासून पंखधारी ढेकूण व्हायला साधारण दोन महिने किंवा त्याहून जास्त लागतात. ही गोष्ट फवारणीच्या निर्णयात सगळ्यात महत्त्वाची. एका चुकीच्या फवाऱ्यानंतर मावा, पांढरी माशी, अळ्या काही आठवड्यांत परत येतात, शिकारी ढेकूण त्या हंगामात सावरत नाही.

मोजणी आणि फवारणी

सकाळी ऊन चढण्याआधी एकरी २० झाडे बघा, कडेची आणि मधली मिळून. तुरीत फुलोऱ्यात झाडाखाली पांढरे कापड धरून फांद्या हलक्या झटका. पडलेल्या अळ्या आणि ढेकूण वेगवेगळे मोजा.

शिकारी ढेकणाकडून काय होते आणि काय होत नाही, हे स्पष्ट असू द्या. पानांवर, फुलांवर उघड्या असलेल्या घाटे अळ्या, उंट अळ्या, तंबाखूची पाने खाणाऱ्या अळ्या तो मारतो. लहान पिल्ले माव्यावर जगतात. बोंडाच्या आत शिरलेल्या गुलाबी बोंडअळीपर्यंत त्याची सोंड पोहोचत नाही. तिथे त्याच्या भरवशावर राहिलात तर बोंडे जातील. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री सापळ्यामागे रोज ८ पतंग आले, किंवा १० टक्के फुले-बोंडे किडलेली मिळाली, तर शिफारशीत उपाय करावाच लागतो. शिवाय तो निवडून खात नाही. तुरीच्या फुलावर दबा धरून मधमाशी आणि मावा खाणारा ढालकिडाही धरतो. इतके मान्य करूनही तो ठेवण्याजोगा आहे.

बोंडावर फक्त लाल ढेकूण असतील तर फवारूच नका. सकाळी ते सुस्त असताना थोडे रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्याच्या घमेल्यात बोंडे झटका. झटकण्याआधी झाडावरचा शिकारी बरणीत काढून घ्या आणि नंतर परत सोडा.

अळ्यांसाठी सुरुवात ५ टक्के निंबोळी अर्काने करा. ५ किलो निंबोळीची भरड १० लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्याने गाळा, २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून मिसळा आणि एकूण १०० लिटर करा. अर्क त्याच दिवशी वापरा, ठेवलेला अर्क निकामी होतो. तुरीत घाटे अळी लहान असताना एचएएनपीव्ही (घाटे अळीचा विषाणू) हेक्टरी २५० एल.ई. (अळी-समतुल्य, विषाणूची मात्रा मोजायचे एकक) संध्याकाळी फवारा, कारण उन्हाने विषाणू मरतो. विषाणूग्रस्त अळी शोषल्याने ढेकणाला अपाय होत नाही. सायपरमेथ्रिन, लॅम्बडा सायहॅलोथ्रिन, प्रोफेनोफॉस, क्विनालफॉस यांच्या फवाऱ्यात मात्र तो टिकत नाही. रासायनिक औषध घ्यावेच लागले तर त्या पिकासाठी आणि किडीसाठी लेबलवर शिफारस असलेलेच घ्या आणि सगळे शेत एकदम न भिजवता प्रादुर्भाव असलेल्या पट्ट्यातच मारा. बांधावरचे दगड आणि पालापाचोळा पेटवू नका, जमिनीवरचे शिकारी तिथेच असतात.

दंश झालाच तर जागा साबणाने धुऊन बर्फ लावा. सूज पसरली किंवा धाप लागली तर दवाखाना.

ओळखीत न बसणारा ढेकूण सापडला तर

जगात या कुळातल्या सुमारे ७,००० जाती नोंदल्या आहेत आणि नव्या अजून सापडतात, त्यामुळे शक्यता खरी आहे. पण फोटोवरून नवी जात ठरत नाही. तज्ज्ञ मोजतात ते डोक्याची रुंदी, दोन डोळ्यांमधले अंतर, सोंडेच्या आणि मिशांच्या प्रत्येक भागाची लांबी, ढालीच्या दोन भागांचे प्रमाण. शेवटचा निवाडा बहुधा नराच्या पोटाच्या टोकातल्या जननेंद्रियांच्या आकारावर होतो. ती सोडवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात स्वच्छ करावी लागतात. म्हणून पंखधारी नमुने हवेत, जमल्यास नर आणि मादी दोन्ही. मादी साधारणपणे मोठी आणि पोटाने रुंद असते. पिल्लावरून जात क्वचितच कळते.

शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून पाठ, पोट आणि बाजू असे तीन फोटो काढा. बाजूच्या फोटोत सोंडेची कमान आली पाहिजे. रंग आधी टिपा, अल्कोहोलमध्ये तो फिका होतो. ढेकूण फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून मारा आणि ७० ते ८० टक्के अल्कोहोलमध्ये घाला. डीएनए तपासणीसाठी ९५ टक्क्यांच्या वरचे लागते. जेलचे सॅनिटायझर आणि रॉकेल नको. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई विरघळते. तिच्यावर गाव, तालुका, तारीख, पीक आणि तो काय खाताना दिसला हे लिहा. नमुना जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे, पुण्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राकडे किंवा बेंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे द्या. बाटली काठोकाठ भरलेली ठेवा. आत हवा राहिली तर प्रवासात हिंदकळून मिशा आणि पाय तुटतात, आणि मोजायचे तेच असतात.