डेक्कन क्वीनचं मॉडेल घरी कसं करावं: आधी साल ठरवा

माझे बाबा अठ्ठावीस वर्षं डेक्कन क्वीनचे पासधारक होते. सकाळी सव्वासातला पुणे सोडायचं आणि रात्री साडेआठच्या पुढे घरी यायचं. त्यांच्यासाठी मी या गाडीचं मॉडेल करायला घेतलं, आणि पहिल्या वर्षीची सगळी मेहनत वाया गेली. डबे एका काळातले, इंजिन दुसऱ्या काळातलं आणि रंग तिसऱ्याच काळातला. बाबा म्हणाले, "गाडी छान आहे, पण ही आमची नाही." म्हणून रूळ आणण्याआधी एक पान घ्या आणि त्यावर साल लिहा.

साल आणि महिना

१ जून १९३० रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने ही गाडी सुरू केली, तेव्हा सात-सात डब्यांचे दोन रेक, म्हणजे डब्यांचे जोडलेले संच, होते. एक चंदेरी, त्यावर लालभडक पट्ट्या. दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांच्या खालचे सांगाडे इंग्लंडहून आले होते, वरचं शरीर माटुंग्याच्या कारखान्यात बांधलं होतं. १९६६ मध्ये हे डबे गेले आणि पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत (आयसीएफ) बनलेले पोलादी डबे आले, पुढे गाडी बारा डब्यांची झाली. आपल्यापैकी बहुतेकांच्या आठवणीत आहे ती त्यानंतरची निळी-पांढरी, लाल पट्ट्याची गाडी. जून २०२२ पासून जर्मन रचनेचे एलएचबी डबे धावतात.

माझा सल्ला असा की आपल्या घरातल्या कुणीतरी ज्या गाडीतून खरोखर प्रवास केला, तीच करा. चंदेरी रेक फोटोत देखणा दिसतो, पण अडलं तर विचारायला घरात कुणी नसतं. आयसीएफ काळासाठी अजून शेकडो पासधारक पुण्यात भेटतील. त्यांना बसवून विचारा: तुमची जागा कोणत्या बाजूला होती, पडदे होते का, दाराशी कोण उभं राहायचं? हे सगळं वहीत टिपून ठेवा.

महिनाही ठरवा, कारण सह्याद्री दर महिन्याला रंग बदलतो. मेमधला घाट तपकिरी, जुलैमधला काळाकुट्ट कातळ आणि त्यावर हिरवं शेवाळ.

प्रमाण

घरासाठी एचओ, म्हणजे १:८७, हे प्रमाण सोयीचं. रूळ, चाकं, बोग्या (डब्याखालचे चाकांचे सांगाडे) तयार मिळतात. एक तडजोड मात्र पहिल्याच दिवशी मान्य करून टाका. आपला ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचा, त्याचा सत्त्याऐंशीवा भाग सव्वाएकोणीस मिलिमीटर होतो. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, कारण तो परदेशातल्या अरुंद गेजवरून ठरलेला आहे. त्यामुळे आपले डबे रुळावर किंचित रुंद दिसतात. स्वतः रूळ बांधायची हौस आणि वेळ असेल तर गोष्ट वेगळी.

सुरुवात करण्याआधी कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय बघून या. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे. सिग्नल, सांधे आणि गाड्या एकमेकांना कसं सांभाळून घेतात हे तिथे अर्ध्या तासात कळतं, वाचून कळायला महिना लागतो.

फळी आणि घाट

प्लायचा पूर्ण तक्ता आठ बाय चार फुटांचा येतो, बारा मिलिमीटर जाडीचा घ्या. खाली लाकडी चौकट हवीच, नाहीतर पावसाळ्यात तक्ता वाकतो. चार फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर, तेव्हा वळणाची त्रिज्या ५५ सेंटिमीटरच्या वर नेऊ नका, रूळ कडेला जातो. त्याहून फार कमीही नको, लांब डब्यांची टोकं एकमेकांवर घासतात.

बोरघाटाचा चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर गेल्यावर एक मीटर वर, आणि तो मॉडेलमध्ये जसाच्या तसा ठेवता येतो. आठ सेंटिमीटर उंची गाठायला २९६ सेंटिमीटर रूळ लागेल, म्हणून चढ सरळ रेषेत न घेता वळणावरून फिरवत न्या. खरी गाडी तरी दुसरं काय करते? थर्मोकोलचे थर चिकटवून डोंगर घडवा, वर प्लास्टर ऑफ पॅरिस ओता आणि ते ओलं असतानाच जुन्या सुरीने कातळाच्या आडव्या पायऱ्या पाडा. सह्याद्रीचा कातळ थराथरांचा आहे, गोल टेकड्या केल्या की तो घाट वाटतच नाही.

डबे

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

आयसीएफ डब्याची लांबी २१.३४ मीटर आणि रुंदी ३.२५ मीटर. मॉडेलमध्ये लांबी २४.५ सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ सेंटिमीटर येते. बारा डबे केले तर गाडी तीन मीटरच्या वर जाते आणि तक्त्यावरचा अर्धा फेरा एकटीच व्यापते. पाच डबे पुरेत, इंजिनासकट दीड मीटर. त्यांतला एक डायनिंग कारच हवा.

बाजू संगणकावर आखून जाड कागदावर छापा आणि त्यावरून अर्धा ते एक मिलिमीटर जाडीच्या स्टायरीन (प्लास्टिक) शीटवर खिडक्या कापा. एका दमात पातं दाबायचं नाही, हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवायचं, आणि पातं बोथट झालं की लगेच बदलायचं. काचेसाठी ओएचपी शीट, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकचा कागद. विनावातानुकूलित डब्यांच्या खिडक्यांना आडवे गज असतात, ते ओएचपी शीटवर काळ्या रेघा म्हणून छापून घेता येतात. तारेचे गज लावायला मी गेलो होतो, एका डब्याला तीन आठवडे लागले आणि हातभर अंतरावरून फरक दिसला नाही.

बोग्या आणि धातूची चाकं मात्र तयारच घ्या. आणि वजन विसरू नका! अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचा ठोकताळा या लांबीच्या डब्याला सुमारे १६५ ग्रॅम देतो. माझे पहिले डबे याच्या निम्म्यानेही भरत नव्हते, म्हणून दर वळणावर रूळ सोडत होते. तळाला लोखंडी वॉशर चिकटवले आणि त्रास थांबला. वॉशर, स्क्रू, पत्रा हे सगळं बोहरी आळीत मिळतं.

रंग देताना आधी प्रायमर, मग फिका रंग, मग गडद. पट्ट्यासाठी मास्किंग टेप लावल्यावर तिच्या कडेवर आधी खालच्याच रंगाचा एक हात फिरवा, सुकू द्या, मग पट्ट्याचा रंग लावा. अशाने रंग टेपखाली झिरपत नाही.

इंजिन

ही गाडी पहिल्यापासून विजेवर धावली, तेव्हा १५०० व्होल्ट डीसीवर. १९३० चा काळ घेतलात तर डब्ल्यूसीपी-१ वर्गाचं इंजिन करा. त्यातलं 'सर रॉजर लम्ली' दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेलं आहे. नंतरच्या काळासाठी डब्ल्यूसीएम-५ घ्या. चित्तरंजनच्या कारखान्यातलं पहिलं विजेचं इंजिन याच वर्गातलं, १९६१ मधलं, नाव 'लोकमान्य'. हे इंजिन सहा आसांचं, म्हणून सहा आसांचं तयार चासी (मोटर आणि चाकांसकट खालचा सांगाडा) घेऊन त्यावर थ्रीडी प्रिंट केलेलं शरीर बसवा. वरच्या तारा फक्त दिसण्यापुरत्या ठेवा आणि वीज रुळातूनच घ्या. पाच वजनदार डबे चढावर ओढताना इंजिनाची चाकं घसरली, तर मागून दुसरं इंजिन लावा. घाट चढण्याआधी कर्जतला मागून बँकर इंजिन लावतात ते याच कारणाने.

डायनिंग कार

एवढी मेहनत ज्याच्यासाठी, तो हा डबा. सकाळी टोस्ट, ऑम्लेट, कटलेट आणि समोर धावता घाट. टेबलावर बसवून खायला देणाऱ्या गाड्या देशात फारशा उरल्या नाहीत. छत सुटं ठेवा, म्हणजे आत काम करता येईल. टेबलांवर पांढऱ्या कागदाचे तुकडे, माणसं बसलेली. दिव्यांसाठी तपकीर गल्लीतून उबदार पिवळे एलईडी, ब्रिज रेक्टिफायर (गाडी कुठल्याही दिशेने गेली तरी दिवे लागावेत म्हणून) आणि एक किलोओहमचे रेझिस्टर आणा. रुळावरच्या बारा व्होल्टवर प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर लावला की प्रकाश मंद, सुखाचा पडतो. पांढरे एलईडी लावू नका, डबा दवाखान्यासारखा दिसतो.

चालवताना

वेग आवरा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे या प्रमाणात एक मीटर रूळ जवळजवळ आठ सेकंदांत. घड्याळ लावून एकदा बघा, नवखा हात याच्या तिप्पट वेगाने गाडी पळवतो.

दुसरी गाडी झाल्यावर मी खोलीतले दिवे मालवले आणि ती घाटावर सोडली. बाबा गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकले, डायनिंग कारच्या खिडकीतून बराच वेळ आत बघत राहिले आणि म्हणाले, "टेबलावर मिठाची बाटली नाही." १:८७ मध्ये ती एक मिलिमीटरहून कमी भरते. सुईच्या टोकाने पांढऱ्या रंगाचा उभा ठिपका द्यायचा, वर राखाडी टोपण. आठ टेबलांच्या आठ बाटल्यांना एक संध्याकाळ लागते.