लढाया वाचायच्या कशा? एसएसबी (सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड करणारं मंडळ) किंवा डिफेन्स स्टडीजला नव्याने येणाऱ्यांसाठी

एनडीए, सीडीएस या सैन्यात अधिकारी होण्याच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेकांना लढाईची तारीख, पलटणीचं नाव, कोणाला कुठलं चक्र मिळालं हे सगळं तोंडपाठ असतं, आणि मग मी विचारतो की त्या अधिकाऱ्याने तो निर्णय घेतला तेव्हा त्याला नक्की काय काय माहीत होतं, तर गप्प. आणि खरं तर अभ्यास तिथूनच सुरू होतो. मी स्वतः डिफेन्स स्टडीज शिकलो आणि आता बरीच वर्षं मुलांबरोबर हेच वाचतोय, त्यातून जी पद्धत पक्की झाली ती सांगतो.

लढाई वाचताना निर्णयाच्या घटकेपर्यंत वाचायचं आणि पुस्तक मिटायचं. शेवट माहीत असला तरी बाजूला ठेवायचा. मग एका कागदावर त्या माणसाला त्या वेळी ठाऊक असलेल्या गोष्टी लिहायच्या, दुसऱ्यावर ठाऊक नसलेल्या, शेजारी नकाशा उघडा ठेवायचा (हा हवाच, नकाशाशिवाय लढाई वाचूच नका), आणि स्वतःचा आदेश चार ओळीत लिहून काढायचा. त्यानंतरच पुढचं पान.

मी नव्या मुलांना पहिली देतो ती १९७१ च्या बांगलादेश युद्धातली मेघना नदीची लढाई. लेफ्टनंट जनरल सगत सिंग, चौथ्या कोअरचे (काही डिव्हिजन मिळून होणाऱ्या मोठ्या सैन्यदळाचे) प्रमुख. आगरतळ्याच्या बाजूने आत शिरून मेघनेपर्यंतचा भाग ताब्यात घेणं हे काम होतं, ढाका घ्या असा आदेश वरून नव्हता. ९ डिसेंबरला आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तान्यांनी उडवला. समोर कित्येक ठिकाणी मैलभराहून रुंद नदी, दुसरा पूल नाही, पलीकडे भैरव बाजारला शत्रू बसलेला. हाताशी हवाई दलाची थोडीशी एमआय-४ हेलिकॉप्टरं. आता पुस्तक मिटा आणि आदेश लिहा. बहुतेक मुलं लिहितात की पूल बांधणारं सामान मागवू किंवा वरिष्ठांना विचारू, आणि त्यात वेडं असं काहीच नाही, पण तोवर भैरव बाजारवाल्यांना सावरायला वेळ मिळतो. सगत सिंगांनी भैरव बाजार तसाच बाजूला ठेवला आणि दक्षिणेला रायपुऱ्याजवळ त्याच रात्री माणसं हेलिकॉप्टरने पलीकडे उतरवायला घेतली, मग नरसिंगदी, शिवाय गावकऱ्यांच्या होड्या होत्याच. जागा बघायला ते स्वतः हेलिकॉप्टरमधून फिरले होते आणि त्या रेकीत हेलिकॉप्टरवर गोळ्या बसून पायलट जखमी झाला होता. ढाक्याच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा अडथळा असा पार झाला, १६ ला शरणागती.

पण इथे थांबू नका! याच जनरलने दोनच दिवस आधी, ७ डिसेंबरला, सिल्हटला गुरखा पलटण हेलिकॉप्टरने उतरवली होती, तिथे फारसं सैन्य नसेल या अंदाजावर, आणि तो अंदाज चुकला, शत्रू बराच जास्त निघाला आणि ती एकटी पलटण कित्येक दिवस तिथे टिकून राहिली. म्हणजे मेघनेचा निर्णय घेताना असा अंदाज चुकू शकतो हे सगत सिंगांना अगदी ताजं ताजं माहीत होतं, तरी घेतला. मला यात खरं धैर्य दिसतं. अशा जोडीने वाचल्यावरच माणूस कळतो, नुसती विजयाची गोष्ट वाचून नाही.

दुसरं उदाहरण अगदी खालच्या हुद्द्याचं, सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे. कारवारकडचे, १९४० ला साधे शिपाई म्हणून भरती झालेले, बॉम्बे सॅपर्स (लष्करातले इंजिनियर) म्हणजे आपल्या खडकीचेच. एप्रिल १९४८, जम्मू-काश्मीरमधला नौशेरा-राजौरी रस्ता, राजौरीत लोकांची कत्तल चाललेली त्यामुळे टँक लवकर पोचायलाच हवेत, आणि रस्त्यात सुरुंग पेरलेले, झाडं आडवी पाडलेली, मोऱ्या उडवलेल्या. ८ तारखेला काम सुरू होतंय तोच मॉर्टरचा मारा आला, दोन सॅपर ठार, पाच जखमी, त्या पाचात राणे स्वतः. त्यांनी उरलेल्यांना पुन्हा गोळा केलं आणि काम चालू. रात्रभर वळणरस्ता केला, दुसऱ्या दिवशी पाडलेली झाडं सुरुंग लावून उडवली, परत गोळीबारात पुढचा अडथळा, असं ११ तारखेपर्यंत. परमवीर चक्र मिळालं. मुलांना मी विचारतो ते त्या मॉर्टरनंतरच्या पाच मिनिटांबद्दल. तुमची दोन माणसं गेलीत, तुम्हाला लागलंय, बाकीचे तुमच्याकडे बघतायत, तोंडातून पहिलं वाक्य काय येईल? लिहा ते. एसएसबीच्या एसआरटीत (अमुक प्रसंगात तुम्ही काय कराल ते लिहायची चाचणी) ३० मिनिटांत ६० प्रसंग येतात, तिथे पाठ केलेली उत्तरं ओळखू येतात, पण असे प्रश्न आधी स्वतःला विचारलेला मुलगा थेट कृती लिहितो.

इंटरव्ह्यूला आवडता सेनापती विचारला की आपली मुलं शिवाजी महाराज म्हणतात, आणि म्हणावंच, पण तयारीनिशी. जुलै १६६०, पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा, महाराज पावसाळी रात्री निसटून विशाळगडाकडे निघालेत आणि पाठलाग घोडखिंडीपर्यंत आलाय. राणे पुढे राहिले म्हणून मोठे, मग महाराजांनी खिंडीत थांबायला हवं होतं का? अजिबात नाही. राज्य ज्याच्यावर उभं आहे त्याने गड गाठायचा आणि बाजीप्रभूंसारख्या माणसाला मागे मरणाच्या तोंडी ठेवून जायचं, हे सहन करणं हाही सेनापतीच्या हिमतीचाच भाग आहे, आणि ज्याला हे नीट मांडता येतं त्याच्याशी मुलाखत घेणारा अधिकारी पुढे बोलत राहतो असं परत आलेली मुलं सांगतात.

हरलेल्या लढाया पण घ्या, कंटाळा करू नका. १९६२ च्या चीन युद्धातली अरुणाचलची सेला खिंड तर नक्कीच, १७-१८ नोव्हेंबरच्या रात्री मजबूत मोर्चा सोडून माघार कशी सुरू झाली आणि तिचा विचका कसा झाला, हे वाचताना त्रास होतो पण आदेश डळमळला की खाली जवानांचं काय होतं ते तिथे दिसतं.

सुरुवातीला महिन्याला एकच लढाई पुरे. दोघं-तिघं मिळून वाचत असाल तर प्रत्येकाने आपापला आदेश वेगळा लिहा, एकमेकांना दाखवायच्या आधी, आणि मग भांडा. पहिल्या महिन्यात मेघना घ्या, दुसऱ्यात सिल्हट.