लॅम्प चाचणीत सगळ्याच ट्यूब पिवळ्या होतायत? या चुका टाळा

डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या पीसीआर चाचणीला तापमान सतत वरखाली करणारं महागडं यंत्र लागतं. लॅम्प ही त्याच कामाची दुसरी चाचणी. तिचं काम 60 ते 65 अंश सेल्सिअस धरून ठेवणाऱ्या साध्या हीट ब्लॉकवर भागतं आणि हवा तो डीएनए नमुन्यात आहे का, हे तासाभराच्या आत रंगावरून कळतं: ट्यूब पिवळी झाली तर आहे, गुलाबी राहिली तर नाही. 2000 साली जपानी संशोधकांनी मांडलेली ही पद्धत सोपी आहे, पण हलगर्जीपणा तिला जराही खपत नाही.

सगळ्यात महागात पडते ती चाचणी संपल्यावर ट्यूब उघडण्याची चूक. ‘जेलवर (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करून दाखवणाऱ्या थरावर) एकदा बघून घेऊ’ म्हणून झाकण टचकन उघडलं जातं आणि झाकणाला आतून चिकटलेला बारीक थेंब उडतो. डीएनएच्या मोजक्या प्रतींच्या एव्हाना अब्जावधी झालेल्या असतात. त्या पिपेटवर, टेबलावर, हातमोज्यांवर जाऊन बसतात. दुसऱ्या दिवशी नुसतं पाणी घातलेली निगेटिव्ह कंट्रोलही पिवळी होते आणि आपण प्रायमरला, म्हणजे प्रती बनवायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांना, दोष देत बसतो. अशा वेळी वापरात असलेलं पाणी, प्रायमर, मिक्स (चाचणीचं तयार मिश्रण) सरळ टाकून द्या. टेबल आणि पिपेट ब्लीचने पुसा, फिल्टर टिप्स वापरा. ऑटोक्लेव्हवर (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रावर) विसंबू नका. त्यात जंतू मरतात, पण डीएनएचे तुकडे शिल्लक राहू शकतात. जेल चालवायचंच असेल तर वेगळ्या खोलीत चालवा आणि तिथला पिपेट इकडे आणू नका.

रंगही फसवतो. डीएनए तयार होताना मिश्रण आम्लधर्मी होतं, म्हणून त्यातलं फिनॉल रेड हे रंगद्रव्य गुलाबीचं पिवळं होतं. हा बदल दिसावा यासाठी मिक्समध्ये बफर (आम्लता बदलू न देणारा घटक) मुद्दाम अगदी कमी ठेवलेला असतो. त्यामुळे नमुनाच आम्लधर्मी असेल तर ट्यूब तापवण्याआधीच पिवळी पडते. ब्लॉकमध्ये ठेवण्याआधी ट्यूब पांढऱ्या कागदावर मांडून फोटो घ्या. ही सवय मला फार मोलाची वाटते. शेवटी नारिंगी दिसलं तर ओढूनताणून पॉझिटिव्ह म्हणू नका, नमुना पातळ करून पुन्हा लावा.

ट्यूब ठरल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका, कारण प्रायमर एकमेकांना चिकटून खोटा पिवळा रंग देतात. ब्लॉकच्या आकड्यावरही भिस्त नको. ट्यूबमध्ये पाणी भरून त्यात तापमापकाची बारीक तार बुडवून बघा.

पॉझिटिव्ह कंट्रोल (मुद्दाम डीएनए घातलेली ट्यूब) पिवळी झाली पण ज्यात डीएनए असणारच असा नमुना गुलाबीच राहिला, तर त्याच नमुन्यात थोडा कंट्रोल डीएनए मिसळून चाचणी लावा. तरीही रंग बदलला नाही, तर नमुन्यातलंच काहीतरी क्रिया अडवतंय.