स्वित्झर्लंडमध्ये घर बदलण्यापूर्वी

झ्युरिखला येणाऱ्या नव्या मराठी मंडळींना परमिटचे प्रकार, तीन महिन्यांच्या आत घ्यावयाचा आरोग्यविमा, कर भरून विकत घ्यावयाच्या कचऱ्याच्या पिशव्या आणि रात्री दहानंतरची शांतता हे सारे आता ठाऊक असते. पुण्याहून विमान सुटण्यापूर्वीच कोणीतरी त्याची यादी पाठवलेली असते. म्हणून त्यात मी वेळ घालवत नाही. मला एका चुकीबद्दल लिहायचे आहे. तिने माझी जवळजवळ अडीच वर्षे खाल्ली, आणि ती घडली कारण हा देश स्वतःला नेमका कोठे शोधतो, हे दहा वर्षे येथे राहूनही मला समजले नव्हते.

ऑक्टोबर २०१३ मध्ये मी झ्युरिख सरोवराच्या काठच्या एका गावात एल परमिटवर, म्हणजे अल्पमुदतीच्या परवान्यावर, आलो. नोव्हेंबर २०१४ मध्ये वास्तव्याचे बी परमिट हाती आले आणि २०२० मध्ये, जर्मनची परीक्षा दिल्यामुळे लवकर, कायम वास्तव्याचे सी परमिट. मुलगी मोठी होत होती, घर अपुरे पडत होते, म्हणून १ एप्रिल २०२२ रोजी आम्ही शेजारच्या कँटनमधल्या, म्हणजे शेजारच्या राज्यातल्या, एका गावात बिऱ्हाड हलवले. कचेरी तीच, रेल्वे तीच, प्रवास फक्त वीस मिनिटांनी वाढला आणि भाडे चांगलेच उतरले. आपण एका देशातून दुसऱ्या देशात चाललो आहोत, असे त्या दिवशी सामान उचलताना मनातही आले नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये दहा वर्षे पूर्ण झाल्याच्या आनंदात मी नागरिकत्वाच्या अर्जाची चौकशी करायला नव्या गावाच्या कार्यालयात गेलो. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागदपत्रे शांतपणे चाळली, एका कोऱ्या कागदावर एकाखाली एक तीन शब्द लिहिले, संघराज्य, कँटन आणि गेमाइंडे, आणि प्रत्येकापुढे वेगळी तारीख मांडली. त्यांतली सर्वांत लांबची तारीख एप्रिल २०२७ ची होती.

हे पुरेसे सावकाश सांगतो, कारण मला ते कोणी सावकाश सांगितले नव्हते. स्विस नागरिकत्व ही एक गोष्ट नसून एकात एक बसवलेल्या तीन गोष्टी आहेत. माणूस आधी एखाद्या गेमाइंडेचा, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या किंवा नगरपालिकेसारख्या स्थानिक संस्थेचा, नागरिक होतो, त्याबरोबर कँटनचा आणि त्याबरोबर देशाचा. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या संघीय कायद्याने देशातील वास्तव्याची अट बारा वर्षांवरून दहावर आणली. परंतु त्याच कायद्याने सी परमिट सक्तीचे केले, आणि एल परमिटवरचा काळ त्या दहा वर्षांत धरला जात नाही. माझे पहिले तेरा महिने तेथेच गळाले. अर्जापूर्वीच्या पाच वर्षांपैकी तीन वर्षे देशात काढलेली असावी लागतात, आणि सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलात तर येथील वास्तव्य संपले असे मानले जाऊ शकते. आईवडिलांच्या आजारपणासाठी लांब रजा घेऊन भारतात जाणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

मला पकडणारा सापळा मात्र याच्या खालच्या पायरीवर होता. संघराज्याचे घड्याळ देशभर एकच असते. तुम्ही बासेलमध्ये राहा की बर्नमध्ये, ते चालूच राहते. कँटनचे घड्याळ वेगळे. संघीय कायदा प्रत्येक कँटनला दोन ते पाच वर्षांच्या स्थानिक वास्तव्याची अट घालू देतो, आणि कँटनची हद्द ओलांडली की ते घड्याळ शून्यावर येते. काही कँटनांत त्याच्या आत गेमाइंडेचे तिसरे घड्याळ असते, म्हणजे पलीकडच्या गल्लीत गेलात आणि ती गल्ली दुसऱ्या गावात मोडत असेल, तर तेही पुन्हा सुरू होते. माझ्या नव्या कँटनची अट पाच वर्षांची होती. आधीची वर्षे वाया गेली नाहीत, संघराज्याच्या खात्यात ती जमाच आहेत. पण जुन्याच गावी राहिलो असतो तर नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्ज करू शकलो असतो, तो एप्रिल २०२७ पर्यंत करता येणार नाही. अर्ज दिल्यानंतर घर बदलण्याचे नियमही निराळे आहेत. गेमाइंडे आणि कँटन यांनी आपली तपासणी पूर्ण केलेली असेल तरच त्यांचा अधिकार टिकतो. तेव्हा घर बदलायचे असल्यास आधी दोन्ही गावांच्या कार्यालयांत विचारा, आणि भाड्याचा करार त्यानंतरच करा. विचारायला पैसे पडत नाहीत.

मी विचारले नव्हते असे नाही. विचारले ते चुकीच्या माणसाला. वीस वर्षांपासून येथे स्थायिक झालेले एक ज्येष्ठ स्नेही छातीठोकपणे म्हणाले होते, ‘अहो, वर्षे देशात मोजतात, गावात नाही, खुशाल जा.’ त्यांचा स्वतःचा पासपोर्ट जुन्या कायद्याखालचा, शिवाय ते कधी गावाबाहेर राहायला गेलेच नव्हते, त्यामुळे ही अट त्यांना भेटलीच नव्हती. ज्येष्ठांचा सल्ला जेवणाच्या, शाळेच्या, भाड्याच्या बाबतीत जरूर घ्यावा. कायद्याच्या बाबतीत त्यांच्या पासपोर्टवरचे साल पाहून मगच घ्यावा, हे माझे आता पक्के मत झाले आहे.

ही तीन घड्याळे मला बराच काळ निव्वळ कारकुनी वाटत होती. मग एका सहकाऱ्याचा पासपोर्ट पाहण्यात आला. त्यात जन्मस्थळ नव्हते. त्या जागी हाइमाटोर्ट, म्हणजे मूळ गाव, छापलेले होते. तो जन्मला झ्युरिखला, वाढला विंटरथूरला, आणि त्याचे हाइमाटोर्ट ग्राउब्युंडन कँटनमधले असे एक खेडे होते जेथे तो आयुष्यात एकदाच, शाळेच्या सहलीबरोबर, गेला होता. ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न आपल्याकडे लग्नापासून बसच्या रांगेपर्यंत कोठेही विचारला जातो, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या आडनावाच्या शेवटी जे ‘कर’ आहे त्यात कधीही न पाहिलेले गाव जपलेले असते. ते मूळ गाव या देशाने सरकारी कागदावर आणून ठेवले आहे. ज्याला नागरिकत्व मिळते त्याचेही हाइमाटोर्ट तेच गाव होते ज्याने त्याला स्वीकारले. म्हणून मी कोठे राहतो याला त्या खिडकीवर इतके महत्त्व होते.

राष्ट्र म्हटले की एक भाषा, एक वीरपुरुष आणि एक जयघोष शोधण्याची आपल्याला सवय आहे, आणि येथे आलेला भारतीय प्रथम तेच शोधतो. भाषा चार, त्यांतील रोमान्श बोलणारे लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत, तरी १९३८ च्या सार्वमताने तिला राष्ट्रभाषा केले. दंतकथेतला वीर विल्हेल्म टेल याच्या अस्तित्वाचा पुरावा नाही, आणि त्याला जगभर नेणारे १८०४ चे नाटक ज्या शिलरने लिहिले तो जर्मन होता आणि स्वित्झर्लंडला कधी आलाही नव्हता. १ ऑगस्टचा राष्ट्रीय दिन देशाची सुरुवात मानल्या जाणाऱ्या १२९१ च्या सनदेची आठवण करून देतो, पण देशभर त्याची सुट्टी मिळू लागली ती १९९४ पासून. सात जणांचे संघीय मंडळ देश चालवते, अध्यक्षपद दरवर्षी फिरते, आणि यंदाचे अध्यक्ष कोण हे विचारले तर माझ्या शेजाऱ्यांना क्षणभर आठवावे लागते. गावाच्या प्रमुखाचे नाव मात्र त्यांना झोपेतही सांगता येईल.

म्हणून नव्याने आलेल्यांना माझा आग्रह असा, की वर्षातून एकदा तरी आपल्या गावाच्या सभेला जाऊन बसावे, जेथे ती भरते तेथे. मतदार नसलेल्यांसाठी बाजूला वेगळ्या खुर्च्या असतात. मी प्रथम गेलो तेव्हा शाळेच्या व्यायामशाळेच्या छपरावर सव्वा तास चर्चा झाली, कोणी आवाज चढवला नाही, आणि मग त्याच लोकांनी हात वर करून पुढील वर्षाच्या स्वतःच्या कराचा दर ठरवला. २०१२ मध्ये या देशाने सहा आठवड्यांच्या पगारी रजेचा प्रस्ताव सार्वमतात फेटाळला, हे मला पूर्वी वेडेपण वाटत असे. त्या छपराच्या चर्चेनंतर थोडेसे समजले.

भाषेबद्दल स्पष्टच सांगतो, कारण पुण्यातल्या वर्गात उत्तम गुण मिळवून आलेल्यांची सर्वांत मोठी निराशा येथेच होते. परीक्षेला, कायद्याला आणि वर्तमानपत्राला प्रमाण जर्मन लागते. पण कार्यालयातील चहापासून सभेपर्यंत सर्व बोलणे स्विस जर्मन बोलीत चालते, आणि ती खोऱ्याखोऱ्याला वेगळी. दर बारा कोसांवर भाषा बदलते हे आपल्याला नवे नाही. नवे आहे ते हे, की मालवणी किंवा अहिराणी बोलणारा माणूस मुंबईच्या कचेरीत सावरून प्रमाण भाषेकडे वळतो तसे येथे कोणी करत नाही. बँकेचा संचालक आणि प्लंबर आपापल्या बोलीतच बोलतात. झ्युरिखच्या मतदारांनी तर २०११ मध्ये बालवाडीत बोलीच वापरावी असा कौल दिला. तुम्हाला पाहून ते सौजन्याने प्रमाण जर्मनकडे वळतात, आणि ते सौजन्य हीच भिंत असते. ‘बोलीतच बोला, मला समजते’ एवढे वाक्य पाठ करा आणि समजत नसले तरी म्हणा. पहिले वर्ष काहीही कळणार नाही. दुसऱ्या वर्षी विनोद कळू लागतात. बोली आठ आठवड्यांत शिकवण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. मी घालवले आहेत.

नागरिकत्वासाठीच्या मुलाखतीचे म्हणाल तर तयार प्रश्नावल्या घोकून जाणाऱ्यांची मला कीव येते. सव्वीस कँटनांची नावे पाठ होतात. पण गावातला ओढा कोणता आणि बँडपथकाचा सराव कोणत्या वारी असतो, हे तेथे राहिल्यावाचून सांगता येत नाही. एखाद्या फराइनमध्ये, म्हणजे मंडळात, शिरा: गाणे, व्यायाम, काहीही. मी यास नावाचा पत्त्यांचा खेळ शिकलो, आणि तेथेही गंमत अशी की रॉइस नदीच्या आसपास एक अदृश्य रेषा जाते, जिच्या पूर्वेला स्विस जर्मन चित्रांचे पत्ते आणि पश्चिमेला बदाम-इस्पिकवाले फ्रेंच पत्ते चालतात. घर बदलताना माझे पत्तेसुद्धा बदलले.

भीती बाळगू नका, पण भोळेही राहू नका. २००० साली लुत्सर्न कँटनमधील एमेन गावाने नागरिकत्वाचे अर्ज गावकऱ्यांच्या मतदानाला टाकले, तेव्हा इटालियन कुटुंबे स्वीकारली गेली आणि उरलेले सगळे अर्जदार नाकारले गेले. २००३ मध्ये संघीय न्यायालयाने ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. आता नकार द्यायचा तर कारण द्यावे लागते. थकलेली बिले आणि थकलेला कर मात्र आजही अर्ज अडवतात. भारतीय पासपोर्ट सोडावा लागेल हेही घरी आधीच बोलून ठेवा; माझ्या आईला ते ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे कार्ड, दाखवूनही अजून पटलेले नाही.

गेल्या महिन्यात घरमालकाने भाडे वाढवल्याचे पत्र पाठवले, आणि नदीपलीकडे याहून मोठे आणि स्वस्त घर रिकामे असल्याचे बायकोने दाखवले. ते घर शेजारच्या गेमाइंडेमध्ये आहे. आम्ही वाढीव भाडे भरतो आहोत. मुलगी शाळेत बोलीतच भांडते, आणि साताऱ्याला आजीशी फोनवर बोलताना आपले गाव म्हणून याच गावाचे नाव सांगते.