जुनी शिडाची बोट घेताय? आधी ठोकून बघा

नवा रंग मारलेली फायबरची जुनी बोट बाहेरून छान दिसते, पण डेकच्या आत पाणी मुरलेलं असेल तर दुरुस्तीचा खर्च बोटीच्या किमतीला गाठतो. ते ओळखायला एक प्लास्टिकच्या मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

मुंबईत पावसाळ्याआधी बोटी किनाऱ्यावर ओढतात. बघायला तेव्हाच जा, तळही दिसतो.

१. मुठीच्या बाजूने डेकवर चार-चार बोटांच्या अंतरावर हलकेच ठोका. टणक, खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द, मेलेला आवाज आला की तिथे खडूने खूण करा. डोलकाठीचा पाया, डोलकाठीच्या तारा अडकवायच्या पट्ट्या, कठड्याचे खांब, हॅच (डेकमधली झाकणाची दारं) यांच्याभोवती जास्त वेळ द्या, कारण पाणी बहुतेक स्क्रूच्या भोकांतूनच शिरतं.

२. तळावर फोड आहेत का पाहा. कील (तळाखालचा जड कणा) आणि तळाच्या सांध्यावर गंजाचा ओघळ दिसला तर कीलचे बोल्ट तपासल्याशिवाय व्यवहार नको.

३. डोलकाठीच्या तारांवरून चिंधी फिरवा. धागा अडकला तर तार तुटायला लागलीय. दहा-पंधरा वर्षं जुन्या तारा बदलायच्याच, असं धरून चला.

खुणांचे फोटो काढा, दुरुस्तीचा अंदाज कारागिराकडून घ्या आणि तेवढी रक्कम मागितलेल्या किमतीतून वजा करूनच बोला. शिडं जुनी असतील तर त्यांचे पैसे मी तरी धरत नाही.

आतल्या आडव्या फळ्यांवर आवाज आपोआप बदलतो, त्याला दोष समजू नका. लोखंडी हातोडी मात्र अजिबात वापरू नका, जेलकोटला (फायबरवरच्या गुळगुळीत थराला) तडे जातात.